मदत हवी आहे: मार्चमध्ये तोनले साप सरोवरावरचं तरंगतं गाव

कंबोडियात सिएम रीपला मुक्काम, मार्चचा दुसरा आठवडा. सोबत सत्तरीची आई. सपाट चालते, पण होडीत उतरताना उंच पायरी जमत नाही.

तोनले सापचं पाणी ऑक्टोबरच्या सुमारास आठ-नऊ मीटरपर्यंत चढतं आणि एप्रिल-मेपर्यंत मीटर-दीड मीटरवर येतं. त्यामुळे मार्चमध्ये काम्पोंग फ्लुकची घरं कोरड्यात उंच खांबांवर उभी दिसतात, बुडालेल्या जंगलातली वल्ह्याची होडी बहुधा बंद असते आणि कालव्यात मोठी होडी गाळात रुतते. शिवाय ते खांबांवरचं गाव. आम्हाला खरोखर तरंगणारी, पाण्याबरोबर जागा बदलणारी वस्ती पाहायची आहे.

हॉटेलात आणि दोन टूरवाल्यांकडे विचारलं. प्रत्येकाने आपलीच सहल उत्तम सांगितली. चोंग क्नेआस हे तरंगतं गाव जवळ पडतं, पण गर्दी फार. मेच्रेय हे दुसरं तरंगतं गाव शांत असल्याचं वाचलंय. खासगी टुकटुक करायची तयारी आहे. वाटेत शाळेसाठी तांदूळ-वह्या विकत घ्यायला लावणारी फेरी नको; लोकांच्या दारात कॅमेरा घेऊन घुसायचंही नाही.

मार्चमध्ये मेच्रेयच्या धक्क्यापासून वस्तीपर्यंत होडी न रुतता जाते का, आणि तिथे होडीत चढायला फळी असते की उतारावरून चिखलात उतरावं लागतं?