रात्रीचं जेवण जास्तच अंगी लागतं का?

घड्याळजी: ‘किती खाता ते बघा, कधी ते सोडा’ हे मला आता पटेनासं झालंय. शरीराला दिवस-रात्र सांगणारं मुख्य घड्याळ मेंदूत असलं तरी चरबीच्या पेशीतही स्वतःचं घड्याळ चालतं. २०१२ साली शास्त्रज्ञांनी उंदरांच्या फक्त चरबीपेशींतलं बीमॅल१ हे घड्याळाचं जनुक काढून टाकलं. उंदीर लठ्ठ झाले. गंमत म्हणजे ते एरवी झोपायच्या वेळी जास्त खायला लागले. म्हणजे चरबी ही नुसती कोठी नाही, ती मेंदूला निरोपही धाडते, आणि तो निरोपच बिघडला होता.

उष्मांकवाला: उंदरांचं पुरे, माणसांचं बोला. चीनमधल्या ग्वांगझूला १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, २०२२ साली छापून आला. दोन्ही गटांना उष्मांक सारखेच कमी दिले, एका गटाने मात्र सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं. वजन दोन्हीकडे उतरलं, फरक नाव घेण्याजोगा नाही. ताट बघा, घड्याळ कशाला?

घड्याळजी: तिथे उष्मांक आधीच बांधून दिले होते हो! भूक मोजली की वेळेचा खेळ दिसतो. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये १६ जणांना तेच जेवण सुमारे चार तास उशिरा दिलं. भूक वाढली, जागेपणी तृप्तीचा निरोप देणारं लेप्टिन हे संप्रेरक घटलं, ऊर्जेचा खर्चही कमी झाला. काहींच्या चरबीचे नमुने तपासले, तर जनुकांचा कल साठवणीकडे.

उष्मांकवाला: सोळा जण आणि मोजके दिवस! भूक वाढली म्हणजे वजन वाढलंच, असं नाही होत.

रातपाळी: नऊ वर्षं रातपाळी करतेय, म्हणून बोलते. पहाटे चारला हातपाय गार पडतात (शरीराचं तापमान तेव्हा तळाला असतं), पोटात भूक नसते, तरी हात डब्याकडे जातो. जागं राहायला काहीतरी लागतंच ना! त्या वेळी रक्तात मेलाटोनिन हे रात्रीचं संप्रेरक चढलेलं, ते इन्सुलिनला आवर घालतं, त्यामुळे तेच जेवण खाऊन साखर दिवसापेक्षा जास्त चढते. उष्मांकवाले, माझं ताट दिवसपाळीच्या मैत्रिणीएवढंच असतं, बरं का. आणि घड्याळजी, तुमचं ‘लवकर जेवा’ ठीक आहे, पण आमची पाळी दर आठवड्याला फिरते. चरबीतलं घड्याळ कुठल्या वेळेला लावू?

उष्मांकवाला: ताई, साखरेचं मान्य. वजनाचं अजून नाही.

घड्याळजी: फिरत्या पाळीला माझ्याकडेही उत्तर नाही.