पुराच्या घरात शहाबादीच बरी, व्हिट्रिफाइड नको. पटतंय का?

कृष्णाकाठ, सांगली
घर गावभागात. 2005 ला पाणी उंबऱ्याला टेकून परत गेलं. 2019 ला आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर चढलं (तिथली धोक्याची पातळी 45), तेव्हा घरात छातीएवढं होतं. 2021 ला गुडघ्याएवढं. आता खालचा मजला नव्यानं करायला काढलाय आणि ठेकेदाराशी रोज वाजतंय. त्याला सगळीकडे दोन बाय चारच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवायच्यात. मला शहाबादी हवी.

कारण सांगतो. पुढच्या खोलीत आम्हीच 2012 ला हौसेनं व्हिट्रिफाइड टाकल्या होत्या. स्वयंपाकघरातली आजोबांच्या वेळची शहाबादी तशीच ठेवली. 2019 चं पाणी ओसरल्यावर दोन्ही खोल्या सारख्याच धुतल्या. दिवाळीच्या सुमारास पुढच्या खोलीत चालताना पायाखाली ढबढब वाजायला लागलं. एक टाइल पहारीनं उचलली. खाली सिमेंटचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. मधल्या पोकळीत काळा गाळ ठासून भरलेला, अडीच महिन्यांनीही ओला. त्यात गांडूळ! वासाचं तर विचारूच नका. स्वयंपाकघरात दोन फरश्यांचे सांधे तेवढे गेले होते, ते मीच एका रविवारी भरून टाकले. ठेकेदार म्हणतो, "शहाबादी हल्ली पार्किंगला टाकतात, काका." टाकू देत.

वाशिष्ठी, चिपळूण
काका, साफ असहमत. 22 जुलै 2021 ला आमचा तळमजला जवळजवळ बुडाला होता. नुसतं पाणी असतं तर गोष्ट वेगळी. त्यात गटार होतं, शेजारच्या गॅरेजमधलं ऑइल होतं, आणखी काय काय होतं देव जाणे. आमची शहाबादी ते सगळं प्यायली. साबण झाला, ब्लीचिंग पावडर झाली, शेवटी बाबांनी ॲसिड ओतलं. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, फसफसली आणि वरून पांढरी, खरखरीत होऊन बसली. तेलाचे डाग आहेत तिथेच. नीट भाजलेली व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. तुमच्या गांडुळाचा दोष टाइलवर कशाला? गोळे मारून गेला तो गवंडी धरा.

कृष्णाकाठ, सांगली
गवंडी चांगला मिळाला तरच टिकते, असली वस्तू मी पुराच्या घरात का घेऊ? दगड वाईट गवंड्यालाही सांभाळून घेतो. आणि ॲसिड तुम्ही ओतलंत, नदीनं नाही.

ओळंबा, पुणे
बांधकामावर वीस वर्षं काढलीत म्हणून बोलतो. दोघंही वरच्या अर्ध्या इंचावर भांडताय. सांगलीत खाली काळी माती आहे. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. जोत्यात भराव त्याच मातीचा असेल तर वर काहीही लावा, तडा जाणारच. माती काढा, मुरूम थराथरानं पाणी मारून धुमसून घ्या, त्यावर सोलिंग (दगडांचा थर), मग काँक्रीट. ठेकेदार या खर्चाबद्दल बोलणार नाही, कारण तो दिसत नाही.

टाइलच लावायची तर गोळे नकोत. खाचांच्या थापीनं ॲडेसिव्ह पसरा, टाइलच्या पूर्ण पाठीला लागलं पाहिजे. सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट, म्हणजे रेझिनचा लेप. साधं सिमेंटचं ग्राउट गटाराचं पाणी ओढून घेतं. दोन बाय चारचा हट्टही सोडा, मोठी टाइल किंचित वाकडी निघाली तरी खाली पोकळी राहते. आणि एक राहिलंच. मोरीच्या पाइपला उलटं पाणी अडवणारी झडप आहे का? बऱ्याच घरांत पूर दारातून यायच्या आधी मोरीतून वर येतो.

वाशिष्ठी, चिपळूण
म्हणजे नीट लावली तर टाइलच. आभारी आहे.

ओळंबा, पुणे
असं मी म्हटलेलं नाही.

नवा_फ्लॅट, ठाणे
एसपीसीच्या, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या, पट्ट्यांचा विचार का करत नाही कोणी? वॉटरप्रूफ असतात. लॅमिनेटसारख्या फुगत नाहीत. एकमेकींत अडकवायच्या, चिकटवायचं काम नाही. पुराचा इशारा आला की काढून वरच्या मजल्यावर न्यायच्या.

कृष्णाकाठ, सांगली
भावा, इशारा आला की आम्ही आधी म्हातारी माणसं हलवतो, मग गॅसची टाकी, धान्य, कागदपत्रं, फ्रिज. त्या गडबडीत जमीन गुंडाळायला माणूस कुठून आणू?

ओळंबा, पुणे
आणि नाही काढल्या, तर पट्टीला काही होणार नाही, पण सांध्यांतून गेलेला गाळ खाली बसेल. सगळं उचलून धुवावं लागेल. थोडक्यात, काकांचं गांडूळ पुन्हा भेटेल.

माजघर, कोल्हापूर
इतका वेळ चर्चा चालली आहे, पण पूर गेल्यावर फरशी पुसतं कोण हे कोणी विचारलं नाही. गाळाचं पाणी पिठासारखं बारीक. पॉलिश केलेल्या टाइलवर त्याची साय धरते आणि पाय सटकतो. 2019 ला पाणी ओसरल्यावर पहिल्याच दिवशी सासूबाई देवघराच्या दारात घसरल्या, मनगट मोडलं. म्हणून व्हिट्रिफाइड घ्यायचीच तर मॅट, आणि सगळ्या खोल्यांना दाराकडे ढाळ. पाण्याचा पाइप लावला की गाळ आपोआप बाहेर गेला पाहिजे, आम्ही तो सुपलीनं भरून काढला. काका, तुमच्या न घासलेल्या शहाबादीच्या खळग्यांतला गाळ मात्र काथ्याच्या ब्रशनं काढावा लागतो. तो ब्रश तुम्ही धरता की काकू?

कृष्णाकाठ, सांगली
...काकूच. हिला वाचून दाखवलं, ती म्हणाली या बाईंना चहाला बोलवा.

बरं, मागे येतो, पण अर्धाच. झडप बसवतो, ढाळ काढतो, भराव उकरतो. पुढच्या खोलीला मॅट टाइल, लहान मापाची. स्वयंपाकघरातली शहाबादी मात्र फेकणार नाही. भरावासाठी ती उखडावीच लागेल, तर उलटी करून, घासून परत बसवता येते का?

ओळंबा, पुणे
येते. फरशी दोन्हीकडून सारखी जाड आहे का बघा, खालची बाजू बहुतेक ओबडधोबड असते. उखडताना कडा फुटतात, तेव्हा थोड्या जास्तीच्या जमवून ठेवा. आणि पहार स्वतः धरा, पोरांच्या हातात देऊ नका.

वाशिष्ठी, चिपळूण
जास्तीच्या हव्यात तर आमच्या घेऊन जा. खालची बाजू कोरी आहे, तिकडे ॲसिड लागलेलं नाही.