राणादाचा मृत्यू इतका उथळ का लिहिला गेला?

प्रश्न : २०१६ साली सुरू झालेल्या ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेतला राणादा इथल्याच तांबड्या मातीतला पैलवान असल्यामुळे आम्हा कोल्हापूरकरांना घरचा वाटे. मग त्याचा मृत्यू केवळ धक्क्यासाठी का वापरला?

उत्तर १ : ताई, माझा राग मृत्यूपेक्षा पुढच्या भागांवर आहे. तोच अभिनेता राजा राजगोंडा म्हणून परतला आणि राणादाच्या बायकोबरोबर, म्हणजे पाठकबाईंबरोबर, आपण केलेला शोक फुकट गेला.

उत्तर २ : दैनंदिन मालिकांचे कथानक आठवड्याच्या टीआरपीकडे पाहून वळवले जाते, हे मान्य, तरीही डाव न मांडताच पैलवान चीतपट केला, ही तक्रार उरतेच.

उत्तर ३ : सहमत. निदान तालमीतल्या सोबत्यांचे दुःख तरी सविस्तर दाखवायला हवे होते.