आधी कॉम्प्रेसर, मग गन

दारांच्या पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिशसाठी एचव्हीएलपी गन, म्हणजे कमी दाबानं जास्त हवा सोडणारी स्प्रे गन, घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. जरूर घ्या, रंग हवेत कमी उडतो. पण आधी कॉम्प्रेसर बघा. या गनला साधारण मिनिटाला 8 ते 12 घनफूट हवा लागते. 1 एचपीच्या कॉम्प्रेसरला ती पुरवता येत नाही, मग फवारा तुटतो आणि फळी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. क्लिअरला, म्हणजे पारदर्शक थराला, 1.3 किंवा 1.4 मिमीचं नोझल, जाड प्रायमरला 1.8.

आमच्या लातुरात एप्रिल-मेमध्ये थिनर वाटेतच उडून जातं, हात फिरवला की खरखर लागते. त्या दिवसांत स्लो, म्हणजे सावकाश उडणारं, थिनर वापरा, सकाळी लवकर मारा. पावसाळ्यात हवेच्या लाइनला पाणी पकडणारा फिल्टर हवाच. आणि कळकळीनं सांगतो, पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं. फवारणाऱ्या पोरांना नुसता तोंडाला रुमाल बांधून उभं करू नका, कार्ट्रिजचा (वाफ गाळणारी डबी लावलेला) मास्क द्या.