वेव्हगाइड लॅटिसमध्ये (प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक वाटांच्या रांगेत) अडकलेला प्रकाश हलवल्यावर सुटतो, हे कसं?

एमएस्सी_चालू:
सेमिनारसाठी वाचतोय. काचेत फेम्टोसेकंद (अतिशय छोट्या झोताच्या) लेसरने शेजारीशेजारी वेव्हगाइड कोरतात, एकात प्रकाश सोडला की बाजूच्यांत पसरत जातो, इथपर्यंत ठीक. पण एका वेव्हगाइडपासून पुढच्याकडे रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश किती मंदावतो त्याचं माप) पायरीपायरीने वाढवत नेला तर पसरणं थांबतं आणि तेच वेव्हगाइड नागमोडी केले की परत सुरू?? डोकं गरगरलं राव

लॅबमधला_उंदीर:
झोपाळा आठव. भलत्या वेळी धक्के दिले तर काही होत नाही, तालात दिले की उंच जातो. दोनच वेव्हगाइड धर, त्यांच्या प्रोपगेशन कॉन्स्टंटमधला (दर लांबीमागे लहरीची फेज, म्हणजे ताल, किती पुढे सरकते त्यातला) फरक कपलिंगच्या (शेजाऱ्याकडे प्रकाश झिरपण्याच्या जोराच्या) 10 पट असेल तर जास्तीत जास्त 1/26 म्हणजे जेमतेम 4 टक्के पॉवर पलीकडे जाते. आता नागमोडीच्या एका पूर्ण वळणाची लांबी 2π भागिले तो फरक एवढी ठेवली की फेजची तूट भरून निघते आणि वाट मोकळी. इथे वेव्हगाइडची लांबी म्हणजेच झोपाळ्यातला वेळ समजायचा.

जुना_ऑप्टिक्सवाला:
बरोबर, पण "थांबतं" म्हणू नका, प्रकाश थोडा पसरून परत गोळा होतो, याला ब्लॉख ऑसिलेशन म्हणतात, 1999 मध्ये वेव्हगाइडमध्ये प्रत्यक्ष दिसलंय. आणि जास्त हलवलं म्हणजे जास्त वाहतं असंही नाही, कपलिंगला पहिल्या ऑर्डरच्या बेसल फंक्शनने (वरखाली होत जाणारं गणिती फंक्शन) गुणायचं, हलवण्याच्या जोराचं माप 3.83 झालं की परत शून्य! सगळे वेव्हगाइड सारखे, म्हणजे इंडेक्सच्या पायऱ्या नसलेले, असतील तर उलट गंमत, तेच माप 2.405 झालं की पसरणंच गोठतं.

एमएस्सी_चालू:
अच्छा म्हणून ग्राफ वरखाली होता, मला वाटलं माझा कोडच गंडलाय 😅