इलास्टिकसर्चला (शोधाचं सर्व्हर-सॉफ्टवेअर) क्वेरी पाठवायला जावास्क्रिप्ट क्लायंट लायब्ररी हवीच का?

रानवाटा:
नोड.जेएसच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) बॅकएंडमधून फक्त सर्च करायचं असेल, तर अधिकृत क्लायंट (सर्व्हरशी बोलायला कंपनीने दिलेली तयार लायब्ररी) घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. ९२०० पोर्टवर जेसॉन (मजकूर स्वरूपातला डेटा) पाठवायचं आणि आलेलं जेसॉन वाचायचं, एवढंच काम. नोड.जेएस १८ पासून फेच (वेबविनंती पाठवणारं फंक्शन) आयताच मिळतो. लायब्ररी घेतली की कंपनीचे निर्णयही सोबत येतात. २०२१ मध्ये इलास्टिक कंपनीने इलास्टिकसर्चचा परवाना बदलला, म्हणून ॲमेझॉनने त्याच्याच जुन्या कोडवरून ओपनसर्च वेगळं काढलं. त्याच वर्षी क्लायंटच्या ७.१४ आवृत्तीत समोरचा सर्व्हर इलास्टिकचाच आहे ना, ही तपासणी आली. नसेल तर एरर! ज्यांचा डेटा ओपनसर्चवर होता, त्यांची क्वेरी बरोबर असूनही अडली.

खिडकीपाशी:
तो निर्णय मलाही पटला नव्हता. पण ओपनसर्चचा स्वतःचा जावास्क्रिप्ट क्लायंट आहे, तो वापरा. फेचचं काय? सर्व्हरकडून ५०३ (सेवा उपलब्ध नाही) हा स्टेटस आला तरी तो एरर फेकत नाही, स्टेटस आपणच तपासायचा. ते राहिलं की सर्व्हर कोलमडलेला असताना ग्राहकाला दिसतं, ‘काही सापडलं नाही’. याइतकं वाईट दुसरं काही नाही, कारण तक्रारसुद्धा येत नाही. क्लायंट ५०२, ५०३, ५०४ वर क्लस्टरमधल्या (सर्व्हरच्या गटातल्या) दुसऱ्या सर्व्हरकडे वळून पुन्हा प्रयत्न करतो, डिफॉल्ट तीनदा.

रानवाटा:
स्टेटस तपासायला एक ओळ लागते, रिट्रायला वीसेक. किती थांबायचं ते मी ठरवेन. आणि क्लायंटच्या सातव्या आवृत्तीवरून आठव्यावर जाताना उत्तरातला ‘बॉडी’चा थर डिफॉल्टने गेला, म्हणून निकाल वाचणारी प्रत्येक ओळ बदलावी लागते, हे कसं विसरता? सर्व्हरचं जेसॉन तर तेच होतं.

पाणवठा:
रानवाटा, ‘फक्त सर्च’ तसं राहत नाही हो. उद्या डेटा भरायला बल्क (एका विनंतीत अनेक नोंदी पाठवणं) लागेल: दर ओळीला एक जेसॉन, शेवटी नवी ओळ सक्तीची, काही नोंदी फसल्या तरी स्टेटस २०० (म्हणजे यशस्वी). हे हाताने सांभाळू नका, क्लायंटचा बल्क हेल्पर घ्या. ब्राउझरमधून मात्र दोन्ही नको, पासवर्ड उघडा पडतो. अल्गोलिया या शोधसेवेची गोष्ट वेगळी. तिथे फक्त शोधापुरती वेगळी ‘एपीआय की’ (पासवर्डसारखा कोड) मिळते, म्हणून त्यांचा क्लायंट थेट पानात चालतो.

रानवाटा:
बल्कचं मान्य. डेटा भरणाऱ्या स्क्रिप्टमध्ये क्लायंट ठेवेन, शोधाच्या सर्व्हिसमध्ये फेचच.

खिडकीपाशी:
म्हणजे एकाच क्लस्टरशी बोलायच्या दोन तऱ्हा, दोन ठिकाणी टाइमआउट. माझ्या टीममध्ये मी हे मंजूर करणार नाही.