शब्दचर्चा : ‘इन्व्हेजिव्ह स्पीशीज’ला आक्रमक म्हणावं, उपद्रवी की नुसतं परकं?

माडाखाली :
आमच्या ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद, नव्याने लिहायचं चाललंय. सड्यावर (कातळाच्या पठारावर) आणि खाडीत काम करणाऱ्या संशोधक मंडळींनी इंग्रजीत एक टिपण दिलंय. त्याचं मराठी करून ग्रामसभेत वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्याच ओळीत ‘इन्व्हेजिव्ह एलियन स्पीशीज’, म्हणजे बाहेरून आणलेली आणि इथे पसरून नुकसान करणारी झाडं-प्राणी. वर्तमानपत्रांत त्याला ‘परकीय आक्रमक प्रजाती’ म्हणतात. तसं वाचलं तर निम्मे लोक सीमेवरची बातमी समजतील. ‘उपद्रवी’ चालेल का? ‘घुसखोर’ असंही कुणी सुचवलं, पण मला ते रुचत नाही.

कोशकिडा :
घुसखोर नकोच. घुसखोर स्वतःच्या पायांनी, चोरून येतो. घाणेरी इथे आली ती बागेची शोभा म्हणून, आणि सुबाभूळ तर चाऱ्यासाठी आणि जळणासाठी आपणच लावली.

आधी ‘प्रजाती’चं बघा. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत ‘स्पीशीज’ म्हणजे जाती आणि त्यावरचा गट, ‘जीनस’, म्हणजे प्रजाती. मँजिफेरा ही प्रजाती, मँजिफेरा इंडिका म्हणजे आंबा ही जाती, आणि हापूस-पायरी हे त्या जातीचे वाण. हिंदीत ‘स्पीशीज’ला प्रजाति म्हणतात आणि ‘जीनस’ला वंश. आपल्या बातम्यांतली प्रजाती तिकडून आलेली आहे. अर्थात ग्रामसभेत ‘परक्या जाती’ म्हणालात तर चर्चा कुठल्या कुठे जाईल, तेव्हा तिथे सरळ ‘झाडं’, ‘मासे’, ‘किडी’ म्हणा.

‘आक्रमक’ हा लष्करी बाज मूळ इंग्रजीतलाच आहे. चार्ल्स एल्टन या इंग्लिश परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९५७ साली बीबीसी रेडिओवर या विषयावर भाषणं दिली, १९५८ मध्ये त्यांचं पुस्तक झालं, आणि ‘इन्व्हेजन’ हा शब्द या अभ्यासात पक्का बसला. दुसऱ्या महायुद्धात हे गृहस्थ धान्य खाणाऱ्या उंदरांच्या बंदोबस्तावर काम करत होते, त्यामुळे युद्धाची भाषा जिभेवर असणं साहजिक आहे. मराठीत मात्र ‘आक्रमक’ म्हटलं की अंगावर धावून येणारा बैल किंवा कुत्रा डोळ्यांसमोर येतो. जलपर्णी काही कुणाच्या अंगावर धावत नाही.

सड्यावरची :
शब्द कुठलाही घ्या, पण ‘परकं’ आणि ‘आक्रमक’ यांची गल्लत करू नका. संशोधकांचा सगळा भर याच फरकावर असतो. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने सप्टेंबर २०२३ मध्ये या विषयावरचा मोठा अहवाल दिला. माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या ३७,००० हून अधिक जाती त्यात मोजल्या आहेत, आणि त्यांतल्या ३,५०० हून थोड्या जास्त जातींनी नुकसान केल्याचा पुरावा आहे. म्हणजे साधारण दहांतली एक. बाकीच्या येतात आणि टिकत नाहीत, किंवा गुमान राहतात.

आपल्याकडचा काजू बघा. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, नावसुद्धा तिकडचंच. मिरची, पपई, अननस, रताळं, सगळी अमेरिकेची. तरी बाजारात आपण ‘गावठी काजू’, ‘गावठी मिरची’ म्हणतोच ना? गावठी म्हणजे इथली मूळची नव्हे. गावठी म्हणजे कंपनीचं बी नसलेली. त्यामुळे टिपणात ‘नेटिव्ह’ला गावठी किंवा देशी लिहू नका, ‘मूळची’ लिहा. आणि ‘एंडेमिक’ असेल तिथे ‘प्रदेशनिष्ठ’ हा चांगला रुळलेला शब्द आहे. कातळसड्यावर पावसात उगवणाऱ्या कितीतरी छोट्या वनस्पती प्रदेशनिष्ठ आहेत. त्या या पट्ट्याबाहेर जगात कुठेच नाहीत. संशोधकांना काळजी आहे ती त्यांची.

कुडाळी :
एवढा कशाक शोधतास? आमच्या बागेत रानमोडी माजली हा. दरवर्षी बेणतंय, ग्रासकटर मारतंय, पावसाक परत हजर. काजीच्या बिया पडतत त्या खाली गावनत नाय. ‘माजलेला रान’ म्हणा, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांक समजतला.

कोशकिडा :
कुडाळी, दंडवत! ‘माजणे’ हे क्रियापद या धाग्यावर आधीच यायला हवं होतं. तण माजतं, शेवाळ माजतं, रेडा माजतो. कुठून आलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. प्रमाणाबाहेर वाढलं आणि दुसऱ्याला जागा ठेवली नाही, एवढंच ते सांगतं. ‘इन्व्हेजिव्ह’मधला वागणुकीचा भाग त्यात पुरता येतो. मूळ ठिकाणाचा भाग ‘परकी’ने सांगावा. दोन्ही मिळून ‘माजणाऱ्या परक्या जाती’, आणि ग्रामसभेत ‘जाती’च्या जागी झाडं, मासे, किडी.

‘रानमोडी’ हे नावही बघा, रान मोडणारी. परिसंस्थेवरचा परिणाम नावातच सांगून टाकलाय.

सड्यावरची :
आणि तो कसा होतो तेही ऐका, टिपणात उपयोगी पडेल. रानमोडी मूळची अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातली. बियांना बारीक केसांचा झुपका असतो, वाऱ्यावर लांब जातात. थंडीत फुलते आणि उन्हाळ्यापर्यंत तिच्या काटक्या कडक वाळतात. मग वणवा लागला की ती पेट्रोलसारखी पेटते. आजूबाजूची मूळची रोपं मरतात, हिचा बुंधा मात्र जमिनीलगत जिवंत राहतो आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटतो. म्हणजे आग लागायला मदत करायची आणि आगीनंतर मोकळ्या जागेवर आधी हजर व्हायचं. शिवाय पाल्यातल्या रसायनांमुळे दुसऱ्या रोपांची उगवण दबते. गुरं सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे फक्त वरून कापून काही होत नाही. कुडाळींचा ग्रासकटर दरवर्षी फिरतो आणि रानमोडी दरवर्षी येते ती यामुळे. बी धरायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट काढली तर जोर कमी होतो.

खाडीकाठ :
लोकांनी ठेवलेली नावं हा वेगळाच खजिना आहे. गाजर गवताला आपण ‘काँग्रेस गवत’ म्हणतो. पुण्यात १९५५ च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सर्रास सांगितलं जातं. केरळात आपल्या रानमोडीला ‘कम्युनिस्ट पच्चा’ म्हणतात, पच्चा म्हणजे हिरवं. थोडक्यात, ज्या पक्षाचं राज्य त्याच्या नावावर तण. तिथेच झाडांना मिठी मारून गुदमरवणाऱ्या मिकानिया वेलीला ‘धृतराष्ट्र पच्चा’ हे नाव आहे. ज्याने ठेवलं त्याला महाभारत पाठ असणार. धृतराष्ट्राने भीम समजून लोखंडी पुतळा कवटाळला होता, आठवतंय ना?

आणखी एक. हिवाळ्यात किनाऱ्यावर कुरवांचे थवे उतरले की बातमी येते, ‘परदेशी पाहुणे दाखल’. ते स्थलांतरित. आपल्या पंखांनी येतात, आपल्या पंखांनी परत जातात. त्यांना परकी जात म्हणायचं नाही. माणसाने नेलेलं किंवा माणसाच्या सामानातून गेलेलं असेल तरच हा शब्द लागू होतो.

माडाखाली :
हे फार कामाचं. म्हणजे आपली साळुंकीसुद्धा कुठेतरी परकी असेल?

खाडीकाठ :
असेल कशाला, आहेच. १८६२ मध्ये मेलबर्नला किडे खायला म्हणून साळुंक्या नेल्या. आज ती जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० परक्या जातींच्या यादीत आहे. त्याच यादीत आपलं मुंगूसही आहे. उसातले उंदीर मारायला १८७२ मध्ये जमैकात आणि १८८३ मध्ये हवाईत नेलं, तर उंदरांबरोबर पक्ष्यांची अंडीही फस्त करू लागलं. इकडची घाणेरी, रानमोडी, जलपर्णी, सुबाभूळ हीसुद्धा त्याच यादीत. म्हणून म्हणतो, ‘माजणारी’ हा जीवाचा जन्मस्वभाव नाही. कुठे माजते ते सांगितल्याशिवाय शब्द पुरा होत नाही.

कोशकिडा :
कायद्याचा शब्दही बघून ठेवा, कारण नोंदवही सरकारी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने ‘इन्व्हेजिव्ह एलियन स्पीशीज’ची व्याख्या आली : भारतातली मूळची नसलेली आणि जिच्या येण्या-पसरण्याने वन्यजीवांना किंवा त्यांच्या अधिवासाला धोका होऊ शकतो अशी जाती. म्हणजे परकेपणाची हद्द देशाची धरली आहे. उद्या हिमालयातलं एखादं रोप सड्यावर माजलं तर या व्याख्येत ते परकं ठरणार नाही. निसर्गाला देशाची सीमा ठाऊक नसते, पण मसुदा करणाऱ्याला कुठेतरी रेघ मारावी लागतेच. नोंदवहीच्या मथळ्यात कायद्याचा शब्द आणि खाली समजुतीचा शब्द, असं करा.

सड्यावरची :
किडींचं राहिलं. माडाच्या झावळ्यांवर काळी काजळी दिसते ना, ती रोग म्हणून लिहू नका. पानांखाली पांढरी माशी रस शोषते, तिच्या गोड चिकट्यावर ती बुरशी वाढते. ही चक्राकार पांढरी माशी मध्य अमेरिकेकडची, भारतात २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला पहिल्यांदा दिसली. एन्कार्सिया नावाची चिमुकली गांधीलमाशी तिच्या पिलांत अंडी घालते. भरमसाट फवारणी केली की आधी हीच मरते. शास्त्रज्ञ फवारणी आवरा म्हणतात ते त्यासाठी. तिला ‘मित्रकीटक’ म्हणतात, तो शब्द बागायतदारांना माहीत आहे.

माडाखाली :
शेवटचा अडलेला शब्द : ‘बॅलास्ट वॉटर’. टिपणात आहे की रिकामं जहाज तोल राखायला एका बंदरात समुद्राचं पाणी भरून घेतं आणि माल भरताना दुसऱ्या बंदरात सोडतं. त्या पाण्यातून शिंपल्यांची पिल्लं आणि सूक्ष्म जीव इकडून तिकडे जातात. यावरचा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, लागू झाला २०१७ मध्ये. मुंबई बंदरातला काळा पट्टेरी शिंपला असाच बाहेरून आलेला. याला मराठीत काय?

कोशकिडा :
जुन्या गलबतांच्या भाषेत ‘नीरम’ होता. रिकामं तारू कलंडू नये म्हणून तळाशी दगड-वाळू भरत, ते नीरम. ‘नीरमाचं पाणी’ म्हणता येईल, कानाला छान वाटतं.

खाडीकाठ :
छान वाटतं, पण जेटीवर कुणाला कळणार नाही. मी दोन-तीन जुन्या खलाशांना विचारलं, त्यांच्याही कानावरून गेलेला नाही. माझं मत, ‘बॅलास्टचं पाणी’च ठेवा आणि कंसात ‘जहाजाचा तोल राखायला भरलेलं’ एवढं लिहा. ट्रॉलरवरच्या पोरांना तेवढं पुरे.

कुडाळी :
आणि ग्रामसभा कधी हा ता सांगा. रानमोडीचो विषय असलो तर मी येतंय.